खरखर चालू असेपर्यंत

माझा नवरा आणि माझा दीर एकमेकांशी बोलत नव्हते, आणि तरी त्या अख्ख्या साइटवर त्यांच्यासारखी जमलेली दुसरी जोडी नव्हती. लोकांना याची गंमत वाटायची. पहिले काही दिवस मलाही वाटली, खोटं कशाला सांगू.

हे क्रेन चालवायचे. उभ्या मनोऱ्याच्या टोकाला काचेची केबिन असते, तिच्यात दिवसभर बसायचे. भाऊजी खाली जमिनीवर. वजन कधी उचलायचं, किती वळवायचं, कुठे टेकवायचं हे हाताच्या खुणांनी वर कळवणं हे भाऊजींचं काम. क्रेनवाल्याने खालच्या एकाच माणसाचं ऐकायचं असा नियम असतो, नाहीतर चार जण चार बाजूंनी हात हलवणार आणि टनभर लोखंड पाचव्याच्या डोक्यावर जाणार. फक्त ‘थांब’ ही खूण कुणीही करावी, अगदी झाडू मारणाऱ्या बाईनेसुद्धा, आणि क्रेनवाल्याने ती मानावी.

मी त्याच साइटवर स्टोअर सांभाळायचे. वजन बांधायचे पट्टे, साखळ्या, कड्या, सगळं माझ्या ताब्यात. उसवलेला पट्टा मी कुणालाही देत नसे, मग समोरचा कितीही तोंड वाकडं करो. वॉकीटॉकीही माझ्याकडेच चार्जिंगला लागायचे. त्यातला एक माझ्या टेबलावर कायम चालू असायचा, त्यामुळे वर-खाली काय बोलणं चाललंय ते मला बसल्या जागी ऐकू यायचं.

बोलणं म्हणजे आधीचं. तेव्हा भाऊजींची टकळी दिवसभर चालू असायची आणि साइटवर सगळे त्यांना बडबड्याच म्हणायचे. “खाली घे दादा, खाली, खाली, जरा दमानं, तुझी घाई घरी दाखव, खाली, खाली, बास. वहिनी, ऐकताय ना? आज भाजीत मीठ विसरलात.” सुपरवायझर साहेब ओरडायचे की वॉकीटॉकीवर घरचं बोलू नका. पण ते मनापासून ओरडायचे नाहीत, कारण ती बडबड कामाची होती. जिथे वजन क्रेनवाल्याच्या नजरेआड जातं, भिंतीपलीकडे किंवा खड्ड्यात, तिथे हाताच्या खुणा दिसत नाहीत. मग खालच्याने वॉकीटॉकीवर सतत बोलत राहायचं असतं. खाली, खाली, खाली. आवाज थांबला की वरच्याने हात थांबवायचा, कारण विचारायचं नाही. बॅटरी संपली असेल, माणसाला ठसका लागला असेल, माणूस पडला असेल. गप्प झालं म्हणजे थांब.

आणि दिवसाचं काम संपलं की भाऊजी मोकळ्यावर येऊन उभे राहायचे. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून छातीशी धरायचे. काम झालं, हूक रिकामा आहे, आता खाली ये, अशी ती खूण. ती दिसल्याशिवाय हे केबिन सोडायचे नाहीत. एकदा भाऊजी मुद्दाम चहा पीत उभे राहिले आणि वरून हे शिव्या घालत राहिले, तेव्हा सगळी साइट हसली होती.

बिनसलं ते एका जेवणावरून. आम्ही एकाच घरात राहायचो, दोन खोल्या आमच्या, दोन त्यांच्या, स्वयंपाकघर एक. जावेचे आईवडील आणि भाऊ आले होते. जेवण रंगलं होतं, हे खुशीत होते, आणि खुशीत आले की यांच्या तोंडाला कुलूप नसतं. यांनी भाऊजींची ती जुनी गोष्ट काढली. भाऊजींनाही क्रेन चालवायची होती. शिकायला गेले, पहिल्याच दिवशी मनोऱ्याच्या शिडीवर अर्ध्यात पोचले, खाली बघितलं आणि गजाला मिठी मारून डोळे मिटले. वर जाईनात की खाली येईनात. शेवटी यांनी त्यांना स्वतःच्या पट्ट्याला बांधून एकेक पायरी खाली आणलं. इथपर्यंतही ठीक होतं. पण यांनी पुढचं सांगितलं, की खाली पोचेपर्यंत पँट ओली झाली होती.

सगळे हसले. जावेचा भाऊ तर टेबलावर हात आपटून हसला. भाऊजीही हसले, पान संपवलं, ताट धुऊन ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी भावाशी बोलणं टाकलं.

“मी खोटं काय सांगितलं?” हे मला म्हणाले.

“खरं होतं म्हणून तर,” मी म्हणाले.

“मग त्याने येऊन सांगावं ना, दादा मला लागलं.”

तिकडे जावेकडून कळायचं ते असं की, दादाने एकदा म्हणावं चुकलं, विषय संपला. म्हणजे एक शब्द याने बोलायचा की त्याने, एवढ्यावर सगळं अडलेलं. आम्ही दोघी जावा मध्ये. हे भाऊजींच्या समोर बसून मला म्हणायचे, “तुझ्या दिराला सांग, नळ गळतोय.” भाऊजी तिथेच पेपर वाचत असायचे. ते पेपरमधून मान न काढता म्हणायचे, “वहिनी, दादाला सांगा, वॉशर आणलाय.” नळ महिनोन्महिने गळत राहिला, कारण पाना यांच्याकडे होता आणि वॉशर त्यांच्याकडे. मी दोघांनाही चांगलं झाडलं होतं. एकदा तर मी जेवण वाढायचं बंद केलं. दोघे शेजारी शेजारी बसून गुपचूप ब्रेड खाऊन गेले. माझ्या हट्टापेक्षा त्यांचा हट्ट मोठा होता.

साइटवर हाताच्या खुणांना तोंड लागत नाही, त्यामुळे तिथे काही अडलं नाही. अडलं ते पहिल्यांदा वजन भिंतीआड गेलं तेव्हा. माझ्या टेबलावरचा वॉकीटॉकी चालू होता, मी कान देऊन बसले होते. म्हटलं आता बोलावंच लागणार. भाऊजींनी बटण दाबलं आणि बोललेच नाहीत. नुसती खरखर आली. हे वर काय समजायचं ते समजले आणि वजन खाली सोडत राहिले. भाऊजींनी बटण सोडलं, खरखर थांबली, यांनी हात थांबवला. दोन टिचक्या मारून बटण दाबलं की वर, नुसतं दाबलं की खाली. खरखर चालू असेपर्यंत चालू, खरखर बंद की बंद. कुणी कुणाला शिकवलं नाही, ठरवलं नाही. एका आईच्या पोटातून आलेले, अंगठ्यावरून एकमेकांना ओळखत होते.

आणि खरं सांगते, मी त्या दिवशी जावेला फोन करून सांगितलं होतं, निदान खरखर तरी करतायत. आम्हाला वाटलं, बर्फ वितळायला लागला.

वितळला वगैरे काही नाही. उलट त्या खरखरीने बोलायची गरजच संपवली. काम इतकं सफाईने व्हायचं की साहेबांनी दोनदा बाहेरच्या लोकांना आणून दाखवलं, बघा, एक शब्द न बोलता कसं करतात. लोक बघायचे, माना हलवायचे. वजन बांधणारा म्हातारा रिगर, ज्याला सगळे मामा म्हणायचे, तेवढा कुरकुरायचा. “मला माणसाचा आवाज पाहिजे,” म्हणायचा, “ही कसली झुरळासारखी कुरकुर.” साहेबांनी एकदा दोघांना बोलावून समज दिली, बोलून काम करा. दोघांनी मान डोलावली. पुढच्याच वजनाला परत खरखर आली, वजन अचूक बसलं, आणि साहेब काही बोलले नाहीत.

मग पंपाच्या विहिरीचं काम आलं. जमिनीत खोल काँक्रीटची विहीर, तिच्यात तळाशी मोटर बसवायची. मोटर म्हणजे छोट्या खोलीएवढं धूड, लोखंडी चौकटीत बसवलेलं. वरून यांना विहिरीचं नुसतं तोंड दिसणार, आतलं काही नाही. भाऊजी आत भिंतीला लावलेल्या लोखंडी फळीवर उभे राहून सांगणार.

सकाळी हे बूट घालताना मला म्हणाले, “त्याला सांग, विहीर खोल आहे. आज तोंडाने बोल म्हणावं.”

भाऊजी मागे दारातच होते. मी तरी वळून सांगितलं, “हे म्हणतायत, आज तोंडाने बोला.”

“दादाला सांगा, मला कळतं,” भाऊजी म्हणाले.

“त्याला सांग, कळतं तर कर,” हे म्हणाले, आणि दोघे एकाच रस्त्याने, एक पुढे एक मागे, कामावर गेले.

दुपारच्या जेवणानंतर मोटर उचलली. पट्टे मी स्वतः तपासून दिले होते, नवे होते, त्यात काही खोट नव्हती. मामाने बांधलं. जमिनीपासून वीतभर उचलून थोडा वेळ तसंच धरलं, काही सरकतंय का बघितलं, नाही सरकलं. मग मोटर विहिरीच्या तोंडावर गेली आणि आत उतरायला लागली. मामा काठावर उभा राहून मोटरला बांधलेला दोर धरून होता, ती फिरू नये म्हणून. माझ्या टेबलावर खरखर सुरू झाली. थांबली. सुरू झाली. थांबली. मी पावत्या लावत बसले होते. तो आवाज मला इतका सवयीचा झाला होता की मी तिकडे लक्षही देत नव्हते.

मग ती सुरू झाली आणि थांबलीच नाही.

विहिरीत काय झालं ते मामाने नंतर सांगितलं. दोर फळीच्या कोपऱ्यात अडकला. भाऊजी तो सोडवायला पुढे झाले, मोटर आणि भिंत यांच्यामध्ये. तिथे उभं राहायचं नसतं हे त्यांनीच शंभर जणांना सांगितलेलं. दोर सोडवताना अंगठा बटणावरच होता, वजन अजून बरंच खाली जायचं होतं म्हणून. मोटरची चौकट फळीच्या कडेवर टेकली आणि वरचं धूड भिंतीकडे कललं. वॉकीटॉकी त्यांच्या छातीवर पट्ट्याला अडकवलेला होता. मोटरने तो आणि अंगठा दोन्ही छातीत दाबले. छातीतली हवा निघून गेली, आवाज निघेना. पण बटण दाबलेलंच राहिलं.

खरखर चालू, म्हणजे खाली. हे खाली सोडत राहिले.

मामाने काठावरून पाहिलं आणि त्याच्या वॉकीटॉकीवर थांब थांब म्हणून ओरडला. ते कुठेच पोचलं नाही. एकाने बटण दाबून धरलं की बाकीच्यांना वाट बंद असते. मला खरखरीत काहीतरी वेगळं ऐकू आलं, कुणी पाण्यात फुंकर मारतंय तसं. मी पावत्या टाकल्या आणि माझं बटण दाबून म्हणाले, “अहो, थांबा.” वॉकीटॉकीने नुसती पीप केली. परत दाबलं, परत पीप. मी खिडकीकडे धावले तर मामा विहिरीचा काठ सोडून मोकळ्या जागेकडे पळत होता, वरून दिसावं म्हणून, दोन्ही हात आडवे पसरून. म्हातारा माणूस तो, मातीत एकदा पडला, उठून परत पळाला.

त्याच्या आधीच हे थांबले होते, यांनीच नंतर सांगितलं. केबिनमध्ये हुकावरचं वजन दाखवणारा आकडा असतो, तो कमी व्हायला लागला. म्हणजे वजन कशावर तरी टेकलंय. पण क्रेनचा दोर किती सुटलाय ते यांना न बघताही कळतं, आणि तळ अजून लांब होता. यांनी हात काढला. खरखर चालूच. यांनी बटण दाबलं आणि वर्षभराने पहिल्यांदा भावाशी बोलले. “बोल,” म्हणाले. “बोल ना रे. काय झालं, बोल.”

बटण दाबलेला वॉकीटॉकी ऐकत नाही. तो फक्त पाठवत राहतो. भाऊजींपर्यंत यातला एक शब्दही गेला नाही.

मग मामाने मोकळ्या जागेतून, काठावरच्या दुसऱ्या माणसाची हाक ऐकत, वर घे, हळू वर घे, अशी खूण केली आणि यांनी मोटर उचलली. बोटभर, अजून बोटभर, जराही झोका न देता. तेवढं वजन इतकं अलगद उचललेलं मी कधी पाहिलं नव्हतं आणि परत पाहणार नाही. चौकट फळीवरून सुटली आणि माझ्या टेबलावरची खरखर बंद झाली.

भाऊजींना बाहेर काढलं, गाडीत घातलं, जाऊ परस्पर हॉस्पिटलमध्ये पोचली. मोटर बाजूला टेकवली, हूक रिकामा झाला, क्रेन बंद झाली. हे मात्र खाली आले नाहीत. वाट बघितली, हाका मारल्या. शेवटी मामा आणि एक जण वर गेले. हे दोन्ही हात लिव्हरवर ठेवून समोर बघत बसले होते.

“चला,” मामा म्हणाला.

“त्याने अजून सोडलं नाही मला,” हे म्हणाले.

शिडीपर्यंत आणलं तर पाय उचलेनात. मामाने यांना आपल्या पट्ट्याला बांधून एकेक पायरी खाली आणलं. मी खाली उभी राहून बघत होते. मला ती जेवणातली गोष्ट आठवली आणि मला यांचा राग आला. दया नंतर आली, आधी रागच आला.

भाऊजी जिवंत होते. बरगड्या मोडून फुप्फुसात गेल्या होत्या, उजवा हात खांद्यापासून प्लॅस्टरमध्ये होता, घशात नळी होती. शुद्धीवर यायचे, जायचे. डॉक्टर जावेशी नीट बोलायचे, खोटी आशा लावायचे नाहीत. ती मला कॉरिडॉरमध्ये म्हणाली, “ताई, तुम्ही या. त्यांना आणू नका. मला त्यांचं तोंड बघायचं नाही.”

मी यांना तसंच सांगितलं. हे म्हणाले, “बरोबर आहे तिचं.” दिवसभर खुर्चीत बसून राहायचे. हात मांड्यांवर, मुठी अर्धवट मिटलेल्या, लिव्हर धरल्यासारख्या. चौकशीवाले घरी येऊन गेले, त्यांना यांनी सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. मामानेही सांगितलं. साहेबांनी आपण समज दिली होती असं सांगितलं, तेही खरंच होतं.

भाऊजींना थोडी हुशारी आली तेव्हा त्यांचा डावा हात हलायला लागला. तो हात उचलून ते छातीवर ठेवायचे, बोटं अर्धी वाकवायचे आणि वाट बघायचे. हात घसरून पडला की परत उचलून ठेवायचे. जावेला वाटलं छातीत दुखतंय. नर्सला बोलावलं, नर्सने इंजेक्शन दिलं. भाऊजींनी डोळ्यांनी नाही नाही केलं. जाऊ पाणी पुढे करायची, चादर सारखी करायची, त्यांचा हात आपल्या हातात घ्यायची. ते हात सोडवून घ्यायचे आणि परत छातीवर तसाच ठेवायचे.

“काहीतरी सांगतायत, ताई,” ती म्हणाली. “मला कळत नाहीये. क्रेनची खूण आहे का?”

मी बघितलं. ‘थांब’ मला माहीत होती, वर, खाली, डावं, उजवं, हळू. यातलं ते काही नव्हतं. “असेल,” मी म्हणाले. “पण मला ओळखू येत नाही.”

एवढ्या दिवसांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं, तेव्हाही नाही रडली. “मग त्यांना बोलवा,” म्हणाली. “दुसऱ्या कुणाला कळणार आहे?”

हे आले. दाराशी थांबले, जावेकडे बघितलं नाही. भाऊजींचे डोळे उघडे होते. त्यांनी यांना पाहिलं, डावा हात उचलला आणि छातीवर ठेवला, बोटं वाकवली. हे क्षणभरच बघत राहिले. मग पलंगापाशी गेले, वाकले, आपला उजवा हात त्यांच्या हातापाशी नेला आणि बोटांत बोटं अडकवली.

मग मला दिसलं. रोज संध्याकाळी स्टोअरच्या खिडकीतून बघायचे ती खूण, आणि एक हात प्लॅस्टरमध्ये म्हणून मला ओळखता आली नव्हती.

भाऊजींनी डोळे मिटले. हे तसेच वाकून उभे राहिले, पाठीला रग लागली असेल तरी हलले नाहीत. पुष्कळ वेळाने नर्सने बाहेर जायला सांगितलं.

बाहेर जाऊ यांच्या समोर उभी राहिली. “काय म्हणाले?” तिने विचारलं.

“काम झालं म्हणाला,” हे म्हणाले. “खाली ये म्हणाला.”

ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, “आणि मला?”

वर, खाली, डावं, उजवं, हळू, थांब, संपलं. त्या कामात बायकोसाठी खूण नाही.

भाऊजी दुसऱ्या दिवशी सकाळी गेले.

त्यानंतर जाऊ आमच्याच घरात राहिली, तिला दुसरीकडे जायचं नव्हतं. माझ्याशी बोलायची. यांच्याशी नाही. मी समजून घेत होते, म्हटलं वेळ जाऊ दे. हे आता क्रेनवर जात नव्हते, मामाने यांना गोदामात काम मिळवून दिलं होतं, जमिनीवरचं. एक दिवस आम्ही तिघं जेवत होतो. स्वयंपाकघरात नळ टपकत होता. जाऊ ताटात बघत मला म्हणाली, “ताई, तुमच्या माणसाला सांगा, नळ गळतोय.”

घास माझ्या हातातच राहिला. अंगातून असा संताप उसळला की मला माझाच आवाज ओळखू येईना.

“मी नाही सांगणार,” मी म्हणाले. “या घरात परत निरोप चालणार नाहीत. तुझा नवरा त्यात गेलाय. हे समोर बसलेत, यांना शिव्या द्यायच्या तर दे, मर म्हणायचं तर म्हण, पण तोंडाने म्हण.”

मग तिने मान वळवली आणि भाऊजी गेल्यापासून पहिल्यांदा यांच्याकडे बघितलं.

आणि ती बोलली. नळापासून सुरुवात केली. मग त्या जेवणाचं, आपल्या भावाच्या हसण्याचं, रात्रभर जागून छताकडे बघणाऱ्या तिच्या नवऱ्याचं. एक शब्द टाकायला तुमचं काय जात होतं, म्हणाली. त्यांच्या हट्टालाही तिने सोडलं नाही, मेलेल्या माणसालाही बोलली. तो शेवटचा निरोप माझा होता, म्हणाली, तोही तुम्ही घेतलात. जे मनात होतं ते सगळं काढलं. यांनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. हात ताटाबाहेर, मान खाली, एकेक शब्द ऐकत होते.

बोलता बोलता तिचा आवाज बंद झाला. नुसता नळ ऐकू यायला लागला.

यांनी मान वर केली. चेहरा पांढरा पडला होता.

“बोल,” हे म्हणाले. “गप्प नको बसू. बोलत राहा.”

तिने डोळे पुसले आणि ती परत बोलायला लागली.